गच्चीवरची तार आणि पंधरा सेकंदांचे संदेश

म्हैसुरात कुवेंपुनगर किंवा सरस्वतीपुरमसारख्या वस्तीतल्या एखाद्या दुमजली घराच्या गच्चीवर अडीच-अडीच मीटरच्या दोन तारा ताणा. मधोमध जोडलेली केबल खाली खोलीत आणा आणि बोटभर लांबीच्या एका डोंगलमधून लॅपटॉपला लावा. भर दिवसा २८.०७४ मेगाहर्ट्‌झवर गेलात, की बारीक शिट्ट्यांचा थवा ऐकू येतो. सगळ्या शिट्ट्या एकदम सुरू होतात, एकदम थांबतात, दोन-एक सेकंद शांतता आणि पुन्हा सुरू. दर पंधरा सेकंदांचे हे चक्र दिवसभर चालते. जपान, इंडोनेशिया, रशिया, जर्मनी अशा देशांतल्या हौशी रेडिओचालकांनी, म्हणजे हॅम मंडळींनी, एकमेकांना पाठवलेले ते मजकूर असतात. ते संगणकाकडून वाचून घ्यायचे, एवढाच या लेखाचा विषय. पाठवायचे काही नाही, फक्त ऐकायचे.

नवखा माणूस यात बहुतेक वेळा चुकीच्या जागी पैसे आणि वेळ घालवतो. कोणते डोंगल चांगले, कोणते सॉफ्टवेअर चांगले, यावर आठवडे जातात. वास्तविक स्वस्तातले डोंगल आणि फुकटातले सॉफ्टवेअर या कामाला पुरते. काम अडते ते तीन साध्या ठिकाणी: तार, घड्याळ आणि आवाजाची पातळी. म्हणून सिग्नल ज्या वाटेने येतो त्याच वाटेने जायचे आणि एक टप्पा तपासल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही.

आधी डोंगलमध्ये काय घडते ते पाहू. जुन्या रेडिओत प्रत्येक कामाला वेगळा भाग असे. निवड करायला कॉइल आणि कंडेन्सर, चाळायला क्रिस्टल फिल्टर, आवाज काढायला डिटेक्टर. सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओत, म्हणजे एसडीआरमध्ये, यंत्राचे काम अँटेनावरच्या लहरीचे आकडे बनवण्यापुरते असते. निवडणे, चाळणे, आवाज काढणे हे सगळे पुढे संगणक गणिताने करतो. हे तंत्र सामान्य माणसाच्या खिशाला परवडू लागले ते २०१२च्या सुमारास. संगणकावर दूरदर्शनचे डिजिटल प्रक्षेपण पाहण्यासाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त डोंगलमध्ये रिअलटेक कंपनीची आरटीएल२८३२यू ही चिप असे. ती चिप चित्र-आवाज न उलगडता कच्चे आकडेही बाहेर देऊ शकते, हे हौशी लोकांच्या ध्यानात आले आणि टीव्हीचे डोंगल रेडिओ झाले.

यातला आर८२०टी हा ट्यूनर आपल्याला हवी ती फ्रिक्वेन्सी ३.५७ मेगाहर्ट्‌झवर उतरवतो. मग आरटीएल चिप तिची सेकंदाला २ कोटी ८८ लाख वेळा मोजणी करते आणि त्यातून गाळून सेकंदाला सुमारे २४ लाख आकड्यांच्या जोड्या संगणकाकडे पाठवते. जोड्या कशासाठी? एकच आकडा घेतला तर सिग्नल मधल्या फ्रिक्वेन्सीच्या वर आहे की खाली, हे कळत नाही. पाव आवर्तनाच्या अंतराचे दोन आकडे घेतले की लहर कोणत्या दिशेने फिरते आहे ते कळते आणि वरचे-खालचे वेगळे होतात. प्रत्येक आकडा एक बाइटचा, म्हणजे सेकंदाला ४८ लाख बाइट यूएसबीतून वाहत असतात. दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपलाही हे झेपते.

खरी मर्यादा त्या एका बाइटची. आठ बिट म्हणजे मोजपट्टीवर फक्त २५६ खुणा. जवळचे एखादे जोरकस स्टेशन आले, की सगळी मोजपट्टी तेच व्यापते आणि दूरच्या क्षीण सिग्नलला एक खूणही उरत नाही. मांडवात कर्णा लागलेला असताना शेजारच्याची कुजबुज ऐकण्यासारखाच तो प्रकार. त्यामुळे या डोंगलशी वागताना पहिला नियम असा, की गेन, म्हणजे डोंगल सिग्नल किती मोठा करते ते, वाढवला म्हणजे जास्त ऐकू येते असे नाही. पुष्कळदा कमी ऐकू येते.

खरेदीबद्दल थोडेच सांगतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची पासोड्या विठोबाजवळची दुकाने किंवा बंगळुरूचा एस. पी. रोड इथे केबल आणि जोडण्या चांगल्या मिळतात. डोंगल बहुधा ऑनलाइनच घ्यावे लागते आणि तिथे नकला भरपूर. धातूचे कवच आणि तापमानाने न ढळणारा ऑसिलेटर असलेले घ्या. साध्या डोंगलचा क्रिस्टल दहा लाखांत पन्नास भागांनी चुकू शकतो. २८ मेगाहर्ट्‌झवर ही चूक १,४०० हर्ट्‌झची होते, आणि आपल्याला हवा असलेला सारा पट्टा जेमतेम ३,००० हर्ट्‌झचा असतो. चांगल्या ऑसिलेटरची चूक दहा लाखांत एखाद्या भागाची, म्हणजे २८ हर्ट्‌झची. तिच्याकडे दुर्लक्ष करता येते.

आर८२०टी ट्यूनर सुमारे २४ मेगाहर्ट्‌झपासून वर चालतो. हॅम लोकांचा सर्वांत गजबजलेला पट्टा मात्र १४ मेगाहर्ट्‌झचा. त्यासाठी आरटीएल-एसडीआरच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘डायरेक्ट सॅम्पलिंग’ची सोय आहे. ट्यूनर वगळून अँटेना थेट मोजणी करणाऱ्या भागाला जोडली जाते. याचा एक तोटा आहे. मोजणीचा वेग २८.८ मेगाहर्ट्‌झ असल्यामुळे त्याच्या निम्म्यावर, १४.४ मेगाहर्ट्‌झवर, आरसा तयार होतो. १४.७२६वरचा सिग्नल १४.०७४वर उमटतो आणि खरा कोणता ते डोंगलला कळत नाही. चौथ्या आवृत्तीत खालच्या फ्रिक्वेन्सी २८.८ने वर उचलून मग ट्यूनरला दिल्या जातात, त्यामुळे ही अडचण जाते. मात्र तिला तिचा स्वतंत्र ड्रायव्हर लागतो. या सगळ्या भानगडीत सुरुवातीलाच पडू नये. २८ मेगाहर्ट्‌झ साध्या डोंगलवरही सरळ येतो, त्याची तार लहान असते आणि सध्या तो पट्टा जागा आहे. सूर्यावरच्या डागांच्या चालू चक्राचा कळस ऑक्टोबर २०२४मध्ये होऊन गेला. उतार सुरू झाला असला तरी दिवसा अजून बरेच ऐकू येते. चक्र तळाशी जाईल तेव्हा हाच पट्टा दिवसचे दिवस मुका राहील. म्हणून त्याची पाळी आधी.

आता तार. दोन समान बाह्या आणि मधून निघणारी केबल अशा अँटेनाला डायपोल म्हणतात. तिची एकूण लांबी मीटरमध्ये काढायची तर १४३ला मेगाहर्ट्‌झने भागायचे. २८.०७४साठी उत्तर येते ५.०९ मीटर, म्हणजे प्रत्येक बाही सुमारे २.५५ मीटर. १४.०७४साठी बाही पाच मीटरच्या थोडी वर, ७.०७४साठी दहा मीटरच्या थोडी वर. घरातल्या वायरिंगची साधी तांब्याची वायर चालते. टोकांना प्लॅस्टिकची दोरी बांधून ती गच्चीच्या कठड्यावर उभ्या केलेल्या पीव्हीसी पाइपांना ताणायची. केबल म्हणून डिश टीव्हीची आरजी-६ बेलाशक वापरा. तिचा अवरोध ७५ ओहमचा, डोंगलचा ५०चा, हे खरे. फक्त ऐकण्याच्या कामात त्या फरकाने काही बिघडत नाही. तार उंच आणि मोकळी असावी. लोखंडी पत्र्याच्या शेडवर किंवा सळ्यांच्या जाळीला चिकटून ताणलेली तार जवळपास निरुपयोगी ठरते.

तारेची जागा ठरवताना लांबीपेक्षा घरातल्या गोंगाटाचा विचार जास्त करावा लागतो. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सौर पॅनेलचा इन्व्हर्टर, लिफ्टची मोटार, राउटरचा अॅडाप्टर हे सगळे विजेची चालू-बंद करत चालतात आणि त्या खटाटोपातून रेडिओ लहरी बाहेर टाकतात. म्हैसुरात दसऱ्याच्या दिवसांत रस्तोरस्ती एलईडीच्या माळा लागल्या, की पडद्यावर गोंगाटाची पातळी चढलेली दिसावी यात नवल नाही. स्वतःच्या घरातला गोंगाट शोधायची युक्ती सोपी आहे. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, घराचा मेन स्विच बंद करा आणि पडद्यावरची गोंगाटाची रेषा किती खाली येते ते पाहा. आली तर गुन्हेगार घरातच आहे. मग एकेक सर्किट चालू करत तो पकडा. केबल डोंगलजवळ येते तिथे फेराइटच्या कड्यातून तिचे पाच-सहा वेढे घेतले, तर केबलच्या बाहेरच्या जाळीवरून चढणारा गोंगाट बराच अडतो. डोंगल लॅपटॉपला थेट न खोचता यूएसबीच्या दीड-दोन मीटर तारेने लांब ठेवावे, कारण लॅपटॉप स्वतःही गोंगाट करतो.

एक सावधगिरी. एप्रिल-मेमध्ये दक्षिण कर्नाटकात पावसाआधीचे वळीव गडगडाटासह कोसळतात. आभाळ भरून आले की केबल डोंगलपासून सोडवून खिडकीबाहेर ठेवावी. थेट वीज पडायची गरज नसते. दूर कडाडलेल्या विजेने तारेत उठलेला धक्काही डोंगलचे तोंड जाळायला पुरतो.

तार झाली. आता संगणकाकडे. विंडोज डोंगल पाहते आणि त्याला टीव्हीचा ड्रायव्हर देते. तो काढून साधा ड्रायव्हर बसवण्यासाठी ‘झॅडिग’ नावाचे छोटे सॉफ्टवेअर वापरतात. यादीतून ‘बल्क-इन, इंटरफेस झिरो’ निवडून विनयूएसबी बसवायचा. यादीतले नाव दोनदा वाचा. चुकून माउसला हा ड्रायव्हर दिला तर माउस चालणे बंद होते. लिनक्सवर टीव्हीचा ड्रायव्हर काळ्या यादीत टाकावा लागतो, एवढेच. पुढे ऐकण्यासाठी ‘एसडीआर प्लस प्लस’ किंवा ‘एसडीआर शार्प’ घ्या. दोन्ही फुकट आहेत.

पहिली चाचणी क्षीण सिग्नलवर करायची नाही. सरळ १००.६ मेगाहर्ट्‌झवर जा आणि आकाशवाणी म्हैसूर लावा. मोड वाइड एफएम. हे स्टेशन खणखणीत ऐकू आले, तर डोंगल, ड्रायव्हर, केबल आणि सॉफ्टवेअर चौघेही जागेवर आहेत असे समजा. या केंद्राला हौशी रेडिओच्या लेखात मानाचे स्थान आहेच. १९३५ साली इथल्या महाराजा कॉलेजातले मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या ‘विठ्ठल विहार’ या राहत्या घरातून प्रक्षेपण सुरू केले. आजचे केंद्र त्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. घरच्या खोलीतून आकाशात काहीतरी सोडायची खोड या शहराला जुनीच म्हणायची.

आता २८.०७४. मोड अप्पर साइडबँड, रुंदी ३,००० हर्ट्‌झ किंवा थोडी जास्त. आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी एजीसी बंद ठेवा, कारण एखादा जोरकस सिग्नल आला की ती बाकी सगळ्यांना दाबते. मग गेन. शून्यापासून हळूहळू वाढवत जा. एका टप्प्यावर केबल काढली की गोंगाटाची रेषा खाली पडते आणि लावली की वर चढते, असे दिसेल. तिथे थांबा. अँटेनाने आणलेला गोंगाट डोंगलच्या स्वतःच्या गोंगाटापेक्षा वर आला, की त्यापुढे गेन वाढवून काही हाती लागत नाही. उलट भलत्याच ठिकाणी एफएम स्टेशनांची भुते दिसू लागतात. केबल लावली-काढली तरी रेषा हलतच नसेल, तर दोष तारेत, केबलमध्ये किंवा जोडणीत आहे. तो सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

इथवर कानाला शिट्ट्या ऐकू येतात. त्या वाचणारे सॉफ्टवेअर वेगळे, ‘डब्ल्यूएसजेटी-एक्स’. एका सॉफ्टवेअरचा आवाज दुसऱ्यात न्यायला मध्ये काल्पनिक केबल लागते. ‘व्हीबी-केबल’ हे त्यासाठीचे प्रसिद्ध साधन. त्याची नावे नवख्याला हमखास गोंधळात टाकतात. एसडीआरच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज बाहेर पाठवायची जागा म्हणून ‘केबल इनपुट’ निवडायची आणि डब्ल्यूएसजेटी-एक्समध्ये आवाज घ्यायची जागा म्हणून ‘केबल आउटपुट’. केबलच्या बाजूने विचार केला की नावे बरोबर वाटतात. दोन्हीकडे नमुन्यांचा वेग ४८,००० ठेवा. डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या डाव्या कोपऱ्यातला हिरवा खांब सिग्नल नसताना ३० डेसिबलच्या आसपास असावा. तो लाल झाला तर आवाज जास्त, शून्यावर असेल तर केबल चुकली.

राहिले घड्याळ. या पद्धतीत सगळे जग मिनिटाच्या ०, १५, ३० आणि ४५ या सेकंदांना बोलायला सुरुवात करते. तुमच्या संगणकाचे घड्याळ दोन-अडीच सेकंदांहून जास्त चुकले, तर शिट्ट्या ऐकू येतील आणि पडदा कोराच राहील. विंडोजचे स्वतःचे घड्याळ जुळवणे कधीकधी दिवस-दिवस होत नाही, म्हणून इंटरनेटवरून वारंवार वेळ जुळवणारे साधन बसवलेले बरे. आपली प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, त्याने इथे फरक पडत नाही. अर्धा तासही पंधरा सेकंदांनी पुरता भागला जातो.

हे सगळे जमले, की पंधराव्या सेकंदाच्या तोंडावर पडद्यावर ओळी पडू लागतात. त्या ओळी इतक्या क्षीण शिट्ट्यांतून कशा निघतात, हा यातला सर्वांत सुरस भाग.

या पद्धतीचे नाव एफटी८. यातला ‘एफ’ स्टीव्ह फ्रँके यांचा, ‘टी’ जो टेलर यांचा आणि आठ म्हणजे आठ सूर. २०१७मध्ये ती वापरात आली. टेलर हे तेच, ज्यांना जोडतारा असलेल्या पल्सारच्या शोधासाठी रसेल हल्स यांच्यासह १९९३चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पल्सारचे ठोके म्हणजे गोंगाटात बुडालेले, पण वेळेला पक्के सिग्नल. नारायणगावजवळ खोडद इथल्या जीएमआरटीच्या तीस तबकड्यांवर असेच पल्सार टिपले जातात. ज्या माणसाने आयुष्यभर गोंगाटातून ठोके वेगळे काढले, त्याने हौशी रेडिओसाठी असे काही रचावे हे ओघानेच आले.

संदेश फक्त ७७ बिटांचा. एका कॉलसाइनला, म्हणजे स्टेशनच्या ओळखनावाला, २८ बिट, दुसऱ्याला २८, ठिकाणाला १५ आणि उरलेले किरकोळ खुणांना. त्यावर चूक पकडण्यासाठी १४ बिट आणि चूक दुरुस्त करण्यासाठी ८३ बिट चढवतात. झाले १७४. आठ सुरांपैकी एक सूर म्हणजे तीन बिट, म्हणून ५८ सूर. शिवाय सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी सात-सात सुरांची ठरीव खूण असते. तिच्यावरून सॉफ्टवेअर ‘इथे संदेश आहे’ हे ओळखते. एकूण ७९ सूर, प्रत्येक ०.१६ सेकंदाचा. गुणाकार १२.६४ सेकंद येतो. पंधरांतून उरलेला वेळ म्हणजे ती शांतता. शेजारच्या सुरांत अंतर ६.२५ हर्ट्‌झ, म्हणजे पूर्ण सिग्नल ५० हर्ट्‌झमध्ये मावतो. ३,००० हर्ट्‌झच्या एका पट्ट्यात एका वेळी डझनावारी लोक बोलू शकतात ते यामुळेच.

एफटी८ गोंगाटाच्या २१ डेसिबल खालचा सिग्नल वाचते असे सांगतात, आणि ऐकणाऱ्याला ती जादू वाटते. तो थोडा हिशेबाचाही भाग आहे. ती तुलना २,५०० हर्ट्‌झमधल्या सगळ्या गोंगाटाशी केलेली असते. सूर मात्र ६.२५ हर्ट्‌झच्या फटीत बसतो, आणि त्या फटीत गोंगाटाचा चारशेवा हिस्साच येतो, म्हणजे २६ डेसिबलनी कमी. स्वतःच्या फटीपुरता पाहिला तर सिग्नल गोंगाटाच्या पाचेक डेसिबल वरच असतो. त्यापुढचे काम चूक दुरुस्त करणारे बिट करतात. संदेश एकतर पूर्ण आणि बरोबर मिळतो, नाहीतर मिळतच नाही. अर्धवट अक्षरे इथे दिसत नाहीत.

आता ओळ वाचू. डावीकडे जागतिक वेळ. १०३०४५ असे दिसले तर आपल्याकडे दुपारचे चार वाजून पंचेचाळीस सेकंद. मग सिग्नलची ताकद डेसिबलमध्ये, मग वेळेतला फरक, मग पट्ट्यातली जागा हर्ट्‌झमध्ये आणि शेवटी संदेश. वेळेच्या फरकाचा रकाना सतत पाहत जा. सगळ्याच ओळींत तो एक सेकंदाच्या वर असेल तर जग उशिरा बोलत नाही, तुमचे घड्याळ पुढे आहे. एसडीआरच्या सॉफ्टवेअरमुळे पाव-अर्ध्या सेकंदाचा उशीर लागतो, तो चालतो.

संदेशात ‘सीक्यू’ म्हणजे ‘कोणीही बोला’. पुढे कॉलसाइन: व्हीयू भारत, जेए जपान, ४एस श्रीलंका, ९एम मलेशिया, वायबी इंडोनेशिया, डीएल जर्मनी. त्यापुढचे चार चिन्हांचे कोडे म्हणजे ठिकाण. पृथ्वीचे २० अंश रेखांश आणि १० अंश अक्षांश अशा मोठ्या चौकटींत ३२४ भाग केले आहेत, त्यांना दोन अक्षरे. प्रत्येकाचे पुन्हा शंभर भाग, त्यांना दोन अंक. एकूण ३२,४००. पंधरा बिटांत ३२,७६८ संख्या मावतात. कोष्टक आणि बिट यांचा असा मेळ बसला की रचणाऱ्याचे कौतुक वाटते. म्हैसूर येते एमके८२मध्ये, पुणे एमके६८, मुंबई एमके६९, कोल्हापूर एमके७६, बेळगाव एमके७५, नागपूर एमएल९१. ही चौकट आपल्या अक्षांशावर सुमारे २१७ किलोमीटर रुंद आणि १११ किलोमीटर उंच असते. त्यामुळे बंगळुरूचा बराचसा भागही एमके८२मध्येच पडतो. पडद्यावर एमके८२ दिसले म्हणून शेजारच्या गल्लीत हॅम शोधायला निघू नये.

संभाषण असे चालते: सीक्यू, मग ठिकाण, मग ताकदीचा आकडा, मग पोच, मग ‘आरआर७३’, म्हणजे ‘सगळे मिळाले, शुभेच्छा’. कोष्टकानुसार आरआर७३ हे एका ठिकाणाचेही नाव आहे. ती चौकट उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ समुद्रात येते. तिथून कोणी सीक्यू देण्याचा संभव नसल्याने गोंधळ होत नाही.

म्हैसुरातून केव्हा काय ऐकू येते, याला एक स्थानिक कारण आहे. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. १९६३मध्ये थुंबा इथे रॉकेट सोडण्याचे केंद्र उभे राहिले ते याच कारणाने. सूर्यास्तानंतर या भागात आयनांबराचा, म्हणजे लहरी परतवणाऱ्या उंचावरच्या विद्युतभारित हवेचा, वरचा थर झपाट्याने उचलला जातो आणि त्यात खळगे पडतात. विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रात्री सिग्नल फडफडू लागतात. ताकद चांगली दिसते, तरी सूर पसरल्यामुळे ओळ उमटत नाही. मुंबई-पुण्यापेक्षा इथे हा अनुभव जास्त येतो. म्हणून सुरुवात दिवसा करा: २८ मेगाहर्ट्‌झ सकाळी उशिरापासून संध्याकाळपर्यंत, १४ मेगाहर्ट्‌झ दुपारपासून रात्रीपर्यंत. ७ मेगाहर्ट्‌झ रात्रीचा, कारण दिवसा आयनांबराचा खालचा थर तो शोषून घेतो. चामुंडी टेकडीची काळजी नको. आयनांबरावरून परतून येणाऱ्या लहरींना तिची फारशी आडकाठी होत नाही.

टेकडी मध्ये येते ती अवकाश स्थानकाच्या वेळी, आणि ती पुढची पायरी. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचा हौशी रेडिओ बरेचदा १४५.८२५ मेगाहर्ट्‌झवर आलेली डिजिटल पाकिटे पुन्हा प्रसारित करतो. ४ जुलै २०२५ रोजी भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी बंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्रातल्या विद्यार्थ्यांशी स्थानकावरून हॅम रेडिओनेच संवाद साधला, तो आवाजातला होता. पाकिटांसाठी तार वेगळी: सुमारे ४९ सेंटिमीटरच्या दोन कांड्या, १२० अंशांच्या कोनात, आडव्या. मोड एफएम, रुंदी १५ किलोहर्ट्‌झ, स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज दाबणारी सोय) बंद. उलगडायला ‘डायरवुल्फ’. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने धावते, त्यामुळे येताना फ्रिक्वेन्सी सुमारे साडेतीन किलोहर्ट्‌झ वर आणि जाताना तितकीच खाली दिसते. रुंदी पुरेशी ठेवली तर ती पकडत बसावी लागत नाही. एक फेरी दहा मिनिटांत संपते आणि क्षितिजालगतची फेरी टेकडीआड गेली तर तीही वाया. माथ्यावरून जाणारी फेरी आधी पाहून ठेवा.

डीएमआरसारखा डिजिटल आवाजही याच डोंगलवर उलगडता येतो. मला त्यात फारसा रस नाही, कारण तिथे बहुतेक सगळे काम तयार सॉफ्टवेअर करते आणि गावात रिपीटर, म्हणजे आलेला सिग्नल पुन्हा प्रसारित करणारे स्टेशन, नसेल तर ऐकायला काही नसते.

कायद्याबद्दल. हौशी रेडिओत अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरायला आंतरराष्ट्रीय नियमांनीच मनाई आहे, त्यामुळे हे संदेश वाचणे म्हणजे कोणाचे गुपित फोडणे नव्हे. पोलीस, विमानतळ आणि इतर सेवांच्या संदेशांना हे लागू होत नाही. हॅम पट्ट्यांतच राहा. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे, मग ते कितीही कमी शक्तीचे असो.

ऐकून भागत नाही असे वाटू लागले, तर दूरसंचार विभागाच्या वायरलेस नियोजन आणि समन्वय शाखेची हौशी स्टेशनचालकाची परीक्षा द्या. बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही ती देता येते, आणि तिच्या रिस्ट्रिक्टेड श्रेणीत मोर्सची चाचणी नसते.